धार टिकावी की पटकन लागावी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येक बॅचमधून एकानं पंधरा मिनिटं बोलायचं आणि स्वतःच्या नोकरीबद्दल बोलायचं नाही, अशी संयोजकांची अट होती. अट ऐकून मला हायसं वाटलं. पुण्यात वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली बाई आपल्या कामाबद्दल बोलायला लागली, तर तुम्ही पाचव्या मिनिटाला जेवणाच्या मांडवाकडे बघायला लागाल. म्हणून मी विषय कळवला, ‘खिशातला चाकू कसा निवडावा’. लगेच आपल्या ९६च्या बॅचच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, "काहून वं, शाळेत चाकूवर बोलते का कोणी?"

बोलते. पण चाकूवर बोलायचं तर आधी संत्र्यावर बोलावं लागेल.

संत्रं सोलायला चाकू लागत नाही, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठा घातला की निघते. मधल्या सुट्टीत आपण ते असंच सोलायचो आणि सालीचा रस शेजारच्याच्या डोळ्यांत उडवायचो. पण संत्र्याचं झाड तयार व्हायला मात्र चाकू लागतो. बी लावूनही झाड येतं, पण ते फळावर यायला फार वर्षं घेतं. म्हणून बागेत कलमं लावतात, आणि कलम म्हणजे चाकूचं काम.

माझं आजोळ वरूड तालुक्यातलं. आपल्या बडनेऱ्याहून नरखेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ‘वरूड ऑरेंज सिटी’ नावाचं स्टेशनच आहे. त्याच तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिका संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहेत. माझ्या मामांचीही तिकडे एक लहानशी रोपवाटिका होती, आता ती मामेभाऊ चालवतो. थंडीत आजोळी गेलं की सकाळी सकाळी रोपांच्या रांगांमध्ये उकिडवी बसलेली माणसं दिसायची. डोळे भरायचं काम चालू असायचं.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जंबेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे २२ ते २५ सेंटीमीटरवर, त्याच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर देतात. निरोगी, चांगल्या संत्र्याच्या झाडाच्या काडीवरून एक डोळा ढालीच्या आकारात काढतात. ती ढाल चिरेत सरकवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. उंची वीतभर एवढ्यासाठी, की पावसाच्या थेंबांबरोबर मातीतली डिंक्याची बुरशी उडून कलमाच्या जोडाला लागू नये.

सालीच्या आत, लाकडाला लागून, एक पातळ ओला थर असतो. वाढ होते ती तिथे. रोपाचा थर आणि डोळ्याचा थर एकमेकांना चिकटले तर डोळा जगतो. धारदार पातं हा थर कापतं. बोथट पातं तो चिरडतं. चिरडलेला भाग सुकतो, आणि त्याबरोबर डोळाही सुकतो. वाईट एवढंच, की त्या दिवशी कुणाला काही कळत नाही. पट्टी गुंडाळलेली असते आणि रोप रांगेत ताठ उभं असतं. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की कळतं, डोळा हिरवा आहे की काळा. तोवर त्याच चाकूनं पुढच्या किती रांगा झालेल्या असतात.

काही वर्षांपूर्वी मामेभावाचा फोन आला. "ताई, तिकडं पुण्यात चांगला चाकू भेटन का? एकदा धार लावली तं सीझनभर पाहाचं काम नाई, असा पाह्यजे." मागे मामांचा आवाज ऐकू येत होता, "तिले सांग, दगडावर लागन असा आण म्हणा."

बापलेकांच्या या दोन वाक्यांत आजचा माझा सगळा विषय आला. एकाला टिकणारी धार हवी होती, दुसऱ्याला लागणारी. दुकानात गेलात तर विक्रेता सांगेल की आमच्या चाकूत दोन्ही आहे. थोडंफार असतंही. पण एका मर्यादेनंतर या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. ते का, हे समजलं की चाकू निवडणं सोपं होतं.

मी कॉम्प्युटरची इंजिनिअर. पण पहिल्या वर्षाला वर्कशॉप सगळ्यांनाच असतं, तेव्हा कानस हातात धरलेली आहे. त्या जोरावर सांगते. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. चाकूच्या पोलादात कार्बन साधारण अर्ध्या ते दीड टक्क्यापर्यंत असतो. साधं कार्बनचं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लालभडक तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास हलकं तापवतात, म्हणजे थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. आपले लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. एकाच पट्टीचे दोन विळे, एक वर्षभर चालतो आणि दुसरा महिन्यात बोथट होतो, तो फरक बहुतेक वेळा या पाण्याचा असतो.

कडकपणा मोजायला रॉकवेल नावाची पद्धत आहे. हिऱ्याचा शंकू पोलादात ठराविक वजनानं दाबायचा आणि तो किती आत गेला ते बघायचं. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा प्रसिद्ध चाकू या मापावर ५६च्या आसपास असतो. महागडे, नव्या पोलादांचे चाकू ६०च्या वर जातात.

आता धार जाते म्हणजे काय होतं? तीन गोष्टी होतात. धार एका बाजूला वळते, किंवा झिजते, किंवा तिचे बारीक टवके उडतात. मऊ पोलादाची धार आधी वळते. वळलेली धार जुन्या चामडी पट्ट्यावर चार-सहा वेळा घासली की बरीचशी सरळ होते. कडक पोलादाची धार सहज वळत नाही, बराच काळ टिकते, पण गाठीवर किंवा हाडावर आपटली की तिचा टवका उडतो. उडालेला टवका चामड्यावर परत येत नाही. तिथपर्यंत सगळं पातं दगडावर उतरवावं लागतं.

झीज थांबवायला पोलादात क्रोमियम, व्हॅनेडियम असे धातू घालतात. ते कार्बनशी मिळून अतिशय कडक कण तयार करतात. २००१ मध्ये अमेरिकेत खास चाकूंसाठी एस३०व्ही नावाचं पोलाद निघालं. त्यात १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. धार टिकण्यात ते साध्या पोलादांच्या फार पुढे आहे. पण त्यातले व्हॅनेडियमचे कण आपल्या नेहमीच्या धारेच्या दगडापेक्षाही कडक असतात. नेहमीचा तपकिरी दगड म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आपला कुरुंद. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही तमिळ ‘कुरुंदम’वरूनच गेला आहे. इतकी वर्षं जगाला धार लावणारा हा दगड व्हॅनेडियमच्या कणासमोर मऊ पडतो. तो कणाच्या आजूबाजूचं पोलाद घासतो आणि कण तसाच राहतो. त्यासाठी हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी लागते.

म्हणजे ज्या गुणामुळे धार टिकते, त्याच गुणामुळे ती लावायला जड जाते. यात कंपनीची लबाडी नाही. तो पदार्थाचा स्वभाव आहे.

इंजिनिअरची खोड म्हणा, मी फोनवर उत्तर दिलं नाही. तीन मिटते चाकू घेऊन वरूडला गेले. पहिला साध्या कार्बन पोलादाचा. दुसरा मध्यम स्टेनलेसचा, ज्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर आणि क्रोमियम १४ टक्क्यांच्या आसपास असतं. तिसरा भरपूर व्हॅनेडियमवाला, किमतीनं बाकी दोघांच्या बेरजेच्या कितीतरी पट. तिघांचीही धार एकाच दिवशी लावली आणि भावाकडे दिले. त्यानं आणि त्याच्या दोन कारागिरांनी ते आळीपाळीनं वापरले.

तिसऱ्या चाकूनं भाऊ खूश झाला. पहिला आणि दुसरा दुपारच्या जेवणापर्यंत दगड मागायचे, तिसरा काही दिवस तसाच चालला. मग एक दिवस त्याचीही धार उतरली. मामांनी तो आपल्या दगडावर घेतला. ज्या दगडावर त्यांनी चाळीस वर्षं धार लावली, त्याच दगडावर. अर्धा तास घासून झाल्यावर पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं, ते घसरलं. मामा म्हणाले, "बाई, चाकू लय चांगला आहे. पण थो आपला नाई. थो दुकानवाल्याचा आहे."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत विसरू शकले नाही. त्या चाकूची धार गेली की तो माझ्याकडे पुण्याला पाठवायचा, किंवा हिऱ्याची पट्टी मागवायची आणि ती झिजली की पुन्हा मागवायची. ऐन हंगामात रांगेत बसलेला कारागीर तेवढा थांबणार नाही. त्याला रोपामागे पैसे मिळतात, हात थांबला की मजुरी थांबते. धार उतरली आहे हे कळूनही तो काम पुढे रेटेल, ‘अजून एवढी रांग’ म्हणून. आणि ती रांग तीन आठवड्यांनी काळी निघेल. ज्या चाकूला दोन मिनिटांत दगडावर धार येते, त्याची धार माणूस जाण्याआधीच लावतो. चहा प्यायला उठला की चार हात मारतो. त्याचं पातं कधी बोथट होतच नाही. म्हणजे रोजच्या हिशोबात मऊ चाकूची धार कडक चाकूपेक्षा जास्त टिकली. पोलादानं टिकवली नाही, सवयीनं टिकवली.

मग पहिलाच घ्यायचा का, साध्या कार्बनचा? मामांचं मत तेच होतं. त्यांचा जुना चाकू तसाच होता. पण इथे आणखी एक गोष्ट आडवी आली, आणि ती मामांच्या तरुणपणी फारशी कुणी बघत नव्हतं.

संत्रावर्गीय झाडांना एक्सोकॉर्टिस नावाचा रोग होतो. त्याचं कारण विषाणूपेक्षाही लहान असतं, त्याला व्हायरॉइड म्हणतात. तो चाकूच्या पात्यावरून एका झाडाच्या रसातून दुसऱ्या झाडात जातो. एका रोगट मातृवृक्षाची काडी कापली आणि तेच पातं पुढे शंभर रोपांना लावलं, की काय होईल ते बघा. नुसतं स्पिरिट लावून तो जात नाही. म्हणून पातं सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, सौम्य द्रावणात बुडवायला सांगतात. आणि ब्लीच हा साध्या कार्बन पोलादाचा वैरी. संध्याकाळपर्यंत पात्यावर तांबडे ठिपके येतात आणि नेमक्या धारेवरच गंज बसतो.

यात नुकसान रोपवाटिकेचं कमी, शेतकऱ्याचं जास्त. तो कलम घेऊन जातो, खड्डे करतो, ठिबक टाकतो आणि चार-पाच वर्षं फळाची वाट बघतो. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या नावाखाली उभी राहणारी बाग चांगली निघेल की नाही, यात त्या खिशातल्या तीन इंची पात्याचाही वाटा असतो. धार आणि स्वच्छता, दोन्ही त्याच पात्यावर असतात.

म्हणून ठरला तो दुसरा. मध्यम स्टेनलेस, कडकपणा ५६-५७च्या आसपास, पातळ पातं. ब्लीचमधून काढून पाण्यानं धुऊन पुसलं की ठीक राहतं. मामांच्या दगडावर पाच मिनिटांत लागतं, सवय झाल्यावर दोन मिनिटांत. किंमतही अशी, की हरवला तर रडू येत नाही. मामांनी पंधरा दिवस वापरून दिलेलं प्रमाणपत्र एवढंच: "चालते."

आता तुमच्यापैकी बहुतेकांना डोळे भरायचे नाहीत. कुणाला पार्सल फोडायचं असतं, कुणाला सहलीत सफरचंद चिरायचं असतं, कुणाला कुंडीतली फांदी छाटायची असते. तुमच्यासाठी या अनुभवातून निघालेल्या काही गोष्टी सांगते.

पहिला प्रश्न असा विचारा, की याची धार कोण लावणार आणि कशावर? घरात एक साधा दगड आहे आणि लावणारे तुम्हीच आहात, तर मध्यम स्टेनलेस किंवा साधं कार्बन पोलाद घ्या. हिऱ्याची पट्टी वापरायची हौस असेल, तर खुशाल महागडं घ्या, त्यातही आनंद आहे. कोणीच लावणार नसेल, तर सरळ मोडत्या पट्टीचा कटर घ्या. १९५६ मध्ये जपानमध्ये तो निघाला. चॉकलेटच्या वडीसारखं एक टोक मोडायचं, नवी धार तयार. शाळेत आपण पेन्सिलीला टोक करायला दाढीचं अर्धं ब्लेड वापरायचो, त्याचाच हा सुधारलेला भाऊ. खोक्यांसाठी तो उत्तम. पण त्याचं पातं डुगडुगतं, जोर लावायच्या कामाला नेऊ नका.

दुसरं, पोलादाच्या नावापेक्षा पात्याची जाडी बघा. धारेच्या मागे पातं जाड असेल, तर कितीही भारी पोलाद असू द्या, ते सफरचंद कापत नाही, फोडतं. पात्याची मागची बाजू जाड आणि धारेकडे ते उतरत उतरत अगदी पातळ झालेलं असलं पाहिजे. पातळ पातं बोथट झालं तरी बरं कापतं, आणि लावताना पोलादही कमी घासावं लागतं.

तिसरं, जाहिरातीतले आकडे कशाचे आहेत ते समजून घ्या. धार टिकण्याची चाचणी करायला आयएसओ ८४४२-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात वाळूसारखी कठीण भुकटी मिसळलेला कागदी पुठ्ठा ठराविक दाबानं मागेपुढे कापत जातात आणि किती थर कापले ते मोजतात. चाचणी चांगली आहे, पण ती फक्त झीज मोजते. धार वळली का, टवका उडाला का, आणि पुन्हा लावायला किती वेळ गेला, हे तिच्यात येत नाही. तो आकडा तुम्हाला स्वतःला काढावा लागतो.

चौथं, मिटत्या चाकूचं पातं उघडल्यावर पक्कं बसतं का ते बघा. काही चाकूंना नुसती कमान असते, काहींना कुलूप असतं. जोर लावायचं काम असेल तर कुलूपवालाच घ्या, पातं बोटांवर मिटलं की दवाखाना गाठावा लागतो. करवतीसारखी दातेरी धार टाळा, ती घरी लावणं अवघड जातं. पातं सहा-सात सेंटीमीटर पुरे. आणि विमानात जाताना केबिनच्या बॅगेत ठेवू नका, तिथे तो काढून घेतात.

पाचवं, साधं कार्बन पोलाद घ्यायला घाबरू नका, फक्त ओलं ठेवू नका. आपल्या आजीची विळी त्याचीच होती. तिच्यावर चिरलेली कैरी काळी पडायची, पण विळी शेवटपर्यंत कापत राहिली. लिंबू, संत्रं कापलं की पातं करडं होतं, तो गंज नव्हे. काम झालं की पुसायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. आपल्या वऱ्हाडात वर्षाचे आठ महिने हवा कोरडीच असते. पावसाळा तेवढा सांभाळायचा.

आणि धार कशी लावायची? मी सोपं करून सांगते. धारेच्या कडेला स्केचपेननं रंग लावा. पातं दगडावर थोडं तिरकं, साधारण १५ ते २० अंशांवर धरून दोन वेळा फिरवा आणि बघा रंग कुठून गेला. वरून गेला तर पातं फार झोपलं आहे, अगदी टोकाच्या कडेवरून गेला तर फार उभं आहे. सगळा रंग सारखा गेला की कोन बरोबर. मग तोच कोन धरून एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. खरखर लागली की बाजू बदला. शेवटी हलक्या हातानं एकेक फेरी, आणि मग जुना चामडी पट्टा. दगड नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला, त्याच्या बुडाची चकाकी नसलेली कड काम भागवते. विजेच्या कोरड्या चाकावर मात्र चांगला चाकू देऊ नका. ठिणग्या छान उडतात, पण पातळ धार क्षणात तापते. तिच्यावर निळी झाक आली की समजा तिथलं पाणी उतरलं.

लागली की नाही ते कसं बघायचं? उजेडात पातं धारेकडून डोळ्यांसमोर धरा. बोथट धार बारीक पांढऱ्या रेघेसारखी चमकते. चांगली लागलेली धार दिसतच नाही. मामांचं साधं सूत्र होतं, "दिसली तं गेली."

नोकरीबद्दल बोलायचं नाही ही अट मी मोडत नाही, फक्त एक वाक्य बोलते. आमच्याकडेही अशा यंत्रणा असतात ज्या वर्षानुवर्षं बिघडत नाहीत, आणि बिघडल्या की अख्ख्या टीममध्ये त्या दुरुस्त करणारं कुणी नसतं. मी आता नव्या मुलांना विचारते, ही किती चालेल ते नंतर सांगा, आधी सांगा की रात्री दोन वाजता बंद पडली तर कोण उभी करणार.

मामा गेल्याला आता तीन वर्षं झाली. त्यांचा दगड मधोमध खोलगट झाला होता, होडीसारखा. भावानं तो सपाट करून घेतला आणि त्याच्याच दुसऱ्या बाजूवर आता त्याची मुलगी धार लावायला शिकते आहे. ती कृषी पदवीला अकोल्याला आहे, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. सुट्टीत आली की हातमोजे घालून, ब्लीचची वाटी शेजारी ठेवून डोळे भरते. भाऊ फोनवर सांगतो, "ताई, पोरीचा हात मायापेक्षा साफ आहे." चाकू तोच, दुसऱ्या नंबरचा. पातं थोडं अरुंद झालं आहे, कारण ते रोज लावलं जातं.

आता शेवटची सूचना. मी सोबत दोन दगड, एक चामडी पट्टा आणि स्केचपेन आणलं आहे. जेवण झालं की दहावी ‘ब’च्या वर्गासमोरच्या व्हरांड्यात मी बसणार आहे. जवळ राहणाऱ्यांनी घरचा बोथट चाकू किंवा विळी घेऊन यावं. मी धार लावून देणार नाही. तुमच्याकडून लावून घेईन. सरांनाही आग्रहाचं आमंत्रण आहे, फक्त या वेळी अंगठे धरायला आम्हाला सांगू नका.